एका 'हराम'चा तर्जुमा

लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या दारावर अरबीत स्वागताची पाटी आहे. हिरव्या रंगावर सोनेरी अक्षरं आणि कोपऱ्यात खजुराचं झाड. दिसायला झोकदार आहे, पण ती कुठल्याही अरबाला वाचता येत नाही. अरबी अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात आणि उजवीकडून डावीकडे वाचतात. पाटी करणाऱ्याच्या कॉम्प्युटरने ती सगळी सुटी केली आणि वर उलट्या क्रमाने मांडली. आपल्या 'चिक्की'ची वेलांटी एकीकडे, 'क'चे तुकडे दुसरीकडे करून शब्द मागून पुढे लिहिला आणि दुकानावर टांगला, तर जे दिसेल ते तिथे सोनेरी रंगात लावलेलं आहे.

मी ती पहिल्यांदा बघितली त्याच दिवशी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, कोण वाचतंय? अरेबिक फील येतो ना."

मी म्हटलं, "अरब वाचतात. त्यांच्यासाठीच लावलीय ना?"

तो हसला आणि मला चहा मागवला. मी घरी येऊन बरोबर अक्षरांची फाईल पाठवून दिली. ती त्याने उघडूनही बघितली नसावी.

हे मी शांतपणे लिहिते आहे असं वाटत असेल तर तसं नाही. या विषयावर मी शांत राहू शकत नाही, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. पाटीचा विषय निघाला की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.

मला अरबी येते ती नवऱ्यामुळेच. तो मस्कतला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता आणि लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही तिथे राहिलो. शेजारची बाई मला रोज कॉफीला बोलवायची. दांडी नसलेला इवलासा पेला असतो. नको असेल तर तो हातात हलवून परत द्यायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती ओतत राहिली आणि मी लाजेखातर पीत राहिले. शेवटी तिनेच माझं मनगट धरून पेला हलवून दाखवला आणि आम्ही दोघी हसत सुटलो. माझी अरबी तिथून सुरू झाली. परत आल्यावर पुण्यात रीतसर वर्ग केले, परीक्षा दिल्या, आणि आता लोणावळ्यात घरी बसून भाषांतराची कामं करते. नवलाख उंब्र्याकडच्या एका कारखान्याची मशिनं आखातात जातात, त्यांची माहितीपुस्तकं मी अरबीत करते. चिक्कीच्या खोक्यांवरचा मजकूर करते. रिसॉर्टांची मेन्यूकार्डं करते. कंपन्यांत याला लोकलायझेशन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम शेवटच्या दिवशी संध्याकाळी येतं आणि सोबत ठरलेलं एक वाक्य येतं: "तसं फोनमधलं ॲप फुकटात करतंच, तुम्ही फक्त एक नजर टाका."

एक नजर. जेवण फुकटात शिजलंय, तुम्ही फक्त मीठ घाला, असं आचाऱ्याला कुणी म्हणत नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न, तुम्ही अरबी कशाला शिकलात? विचारणारा स्वतः मावळ तालुक्यात, पुणे जिल्ह्यात राहत असतो. तालुका आणि जिल्हा हे दोन्ही शब्द अरबीतून आपल्याकडे आले, हे सांगितलं की त्याला मी चेष्टा करतेय असं वाटतं. मजकूर हा शब्द तिकडचा आहे आणि तर्जुमाही तिकडचाच. फक्त इतक्या लांबून येताना काहींचे अर्थ बदलले. आपला 'गरीब' तिकडे गेला की 'परका' होतो. म्हणून ओळखीचा शब्द दिसला की मी जास्त सावध होते. अनोळखी शब्द निदान कोश उघडायला तरी लावतो.

माझं माहेर लोणावळ्याजवळच्या औंढ्याचं. आमच्या वस्तीतली एक मावशी त्या पाटीवाल्या रिसॉर्टमध्ये हाऊसकीपिंगला आहे. सख्खी मावशी नव्हे, पण तिच्या मांडीवर मी खेळलेली आहे. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूमं घासायची, आणि पगार ठेकेदाराकडून घ्यायचा. इतकी वर्षं झाली तरी रिसॉर्टच्या लोकांना ती 'औंढ्याची' एवढंच माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात तिथे ओमानचं एक कुटुंब उतरलं होतं. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्यात झालेलं, आणि विश्रांतीसाठी म्हणून मुलगी तिला घेऊन लोणावळ्यात राहिली होती. तिकडच्या लोकांना आपल्या पावसाचं भारी अप्रूप. आपण खिडक्या लावून घेतो, ते उघडून बसतात. त्यांची खोली मावशीकडे होती.

पुढचं मावशीनेच मला सांगितलं. ती एके दिवशी खोलीत गेली तर आत धूर आणि वास. मुलगी आईच्या अंथरुणाजवळ मातीच्या रंगीत धुपाटण्यात काहीतरी जाळत होती.

"मी वास घेतला आन म्हनलं, लोबान व्हय? तर ती माझ्याकडं बगतच ऱ्हायली. मग म्हनली, लुबान, लुबान. मी म्हनलं, आमीबी लावतो, लोबान. मग तिनं दुसरी डबी उघडली. मी म्हनलं, ह्यो उद. ती म्हनली, ऊद. लय हसली बग ती. तिच्या आईलाबी उटवून सांगितलं."

यात मावशीने चुकूनसुद्धा काही चुकीचं म्हटलं नव्हतं. लोबान तिकडचा लुबान आहे आणि आपल्या उदबत्तीतला उद तिकडचा ऊद आहे. त्यानंतर रोज मावशी खोली आवरायला गेली की त्या बायका तिला बसवायच्या. एकमेकींची भाषा कुणालाच येत नव्हती. मुलं किती, मोठं कोण, हे बोटांवर आणि फोटोंवर झालं. तिकडे बाईला तिच्या नावाने हाक मारण्यापेक्षा थोरल्या मुलाची आई म्हणून हाक मारणं जास्त मानाचं असतं. आमच्या वस्तीतही तसंच आहे. म्हणून ती मुलगी मावशीला तिच्या थोरल्या लेकीच्या नावाने, अमकीची आई अशी, अरबीत हाक मारू लागली आणि मावशी ओ देऊ लागली.

निघायच्या दिवशी मावशीने धुपाटण्याकडे बोट दाखवून "लय ग्वाड हाय" म्हटलं. झालं. तिकडे कुणी एखादी वस्तू वाखाणली की ती त्याच्या हातात देण्याची रीत आहे. मुलीने धुपाटणं कागदात गुंडाळलं, वर लोबानाची पुडी ठेवली, आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. मावशीने तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा घेतलं. बुद्धवंदनेला लावायला चांगलं होईल, असा तिने विचार केला.

संध्याकाळी सुटताना गेटावर सगळ्या कामवाल्यांच्या पिशव्या उघडून बघतात. पाहुण्यांच्या पिशव्या कुणी उघडत नाही, आणि मॅनेजरची तर नाहीच नाही. मावशीच्या पिशवीत धुपाटणं निघालं. वस्तू बाहेर न्यायला मॅनेजरच्या सहीचा गेटपास लागतो. मातीच्या धुपाटण्याला गेटपास लागतो हे तिच्या डोक्यातही आलं नाही. पाहुणे तोवर विमानतळाकडे निघून गेले होते. "दिलं मला त्यांनी," हे ती सांगत राहिली. "कसं दिलं? त्यांना मराठी येतं का?" असं मॅनेजरने विचारलं. सगळ्या शिफ्टसमोर.

मग त्याने फोनवरचं ॲप उघडून त्या मुलीला अरबीत निरोप पाठवला. तिचं उत्तर व्हॉइस मेसेजने आलं. ॲपला तिची बोली कळेना, त्याने काहीतरी अगम्य दाखवलं. तेव्हा मॅनेजरने स्वतःच कान लावला, त्याला दोन शब्द ओळखीचे लागले, आणि त्याने निकाल दिला. दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.

मावशी माझ्याकडे आली ती तिसऱ्या दिवशी. दारातच बसली. मी नोकरीबद्दल बोलू लागले तर तिने हात आडवा केला.

"नोकरीचं ऱ्हाऊ दे बाई. दुसरीकडं भांडी घासीन. मला येवडंच सांग, ती पोरगी मला हराम म्हनली व्हय?"

"कोण म्हणालं तुला?"

"सायबानं ऐकवलं की सगळ्यांना. तिचाच आवाज हुता. हराम म्हनली. मी सोता ऐकलं." तिने पदराने तोंड पुसलं. "रोज जवळ बसवून घ्यायची. दोन्ही हातांनी दिलं मला. मग असं का म्हनली आसंल? मी काय केलतं तिचं?"

गावात बातमी तिच्या आधी पोहोचली होती. पाण्याच्या टाकीपाशी ती आली की बायका बोलायच्या थांबायच्या. तेही तिने सहन केलं असतं. पण ज्या बाईने तिला मानाने हाक मारली, तीच उलटली, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर माझ्याही उतरलं नसतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला घेऊन तशीच रिसॉर्टवर गेले. गेटावर तिला आत सोडेनात, म्हणून ती बाहेर वॉचमनच्या स्टुलावर बसली. मी आत गेले आणि रिसेप्शनच्या काउंटरवर मला ते धुपाटणं दिसलं. चोरीचा माल म्हणून जप्त केलेलं ते धुपाटणं त्यांनी शोभेला मांडलं होतं. लोबानाच्या जागी त्यात रिसॉर्टची व्हिजिटिंग कार्डं खोचलेली. काउंटरवरच्या मुलीने मला हौसेने सांगितलं, "सरांची आयडिया आहे. अरेबिक टच."

मॅनेजर तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. मला वाटलं होतं तो थोडा तरी चपापेल. उलट त्याने पुरावा असल्याच्या थाटात फोन टेबलावर ठेवला. "ऐका ना मॅडम, तुम्हाला तर कळेलच. पार्टी किती चिडलीय बघा."

मी ऐकलं. तो मस्कतकडचा आवाज, माझ्या शेजारणीसारखाच. "ला, ला. हराम, मिस्कीना. हादी हदिया मिन्नी. हराम अलेकुम."

"बघा," मॅनेजर म्हणाला. "दोनदा हराम. आणि ते मिस्कील की काय, म्हणजे डांबिस."

मी निरोप पुन्हा लावायला सांगितला. कळला नव्हता म्हणून नव्हे. ताबडतोब बोलले असते तर काय बोलले असते याची मलाच धास्ती वाटली.

मग एकेक शब्द त्याच्यासमोर ठेवला. ला, ला म्हणजे नाही, नाही. हराम म्हणजे इथे अरेरे, दया येऊन म्हणतात तसं. मिस्कीना म्हणजे बिचारी. मिस्कील नव्हे, डांबिस नव्हे, बिचारी. पुढे, ही माझ्याकडून भेट आहे. आणि शेवटचं हराम अलेकुम तेवढं खरोखर बोल लावायला आहे, पण ते तिला नाही. अलेकुम म्हणजे तुम्हाला. असं करू नका, पाप लागेल तुम्हाला.

"तुम्हाला म्हणालीय ती," मी म्हटलं. "तुम्हा लोकांना."

तो खुर्चीत मागे रेलला. "पण हराम तर म्हणाली ना?"

मी त्याला त्याने पाठवलेला निरोप दाखवायला सांगितला. त्याने इंग्रजीत टाइप केलं होतं की आमच्या स्टाफने तुमची वस्तू चोरली, आम्ही कडक कारवाई करतोय. ॲपने ते अरबीत इमानेइतबारे उतरवलं होतं. त्याने काही विचारलंच नव्हतं, निकाल कळवला होता. विमानतळावर बसलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल? तिच्या रडवेल्या आवाजातून ते कळत होतं. पण यांना त्या आवाजात राग ऐकू आला, कारण यांना राग हवा होता. यांनी शब्द ओळखला आणि माणूस ओळखला नाही. दरवर्षी हे रिसॉर्ट आखातातले पाहुणे यावेत म्हणून जाहिराती करतं, मेन्यूत हुमूस ठेवतं, खोलीत नमाजाची दिशा दाखवणारा बाण लावतं, आणि त्यांच्या तोंडचं एक वाक्य ऐकून घ्यायची वेळ आली की वडाची साल पिंपळाला लावून मोकळं होतं.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही दोघी एकाच गावच्या ना? म्हणजे, एकाच वस्तीतल्या. तुम्ही जरा तुमच्या माणसाची बाजू घेणारच. मला ऑफिशियल ट्रान्सलेशन लागेल."

मेन्यू करताना मी ऑफिशियल होते. स्पाच्या माहितीपत्रकात 'अरबी तज्ज्ञांकडून' असं छापलं तेव्हा ती तज्ज्ञ मीच होते. आता एकदम मी वस्तीतली झाले. 'तुमचे लोक' हे शब्द त्याने पूर्ण उच्चारले नाहीत, पण मी ते जन्मापासून ऐकत आलेय, अर्धे उच्चारले तरी मला पूर्ण कळतात. त्याचा तर्जुमा करायला मला कुणी लागत नाही.

मी त्याच्याच फोनवरून त्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला. तिने उचलला. मी अरबीत ओळख सांगितली, झालेलं सांगितलं. ती आधी कपाळाला हात लावून बसली. मग त्याच्यासाठी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, भेट होती, मी दिली, माझ्या हातांनी दिली. दोन्ही हात वर करून दाखवले. आणि मग मला विचारलं, ती कुठे आहे? लेकीच्या नावाने, अमकीची आई कुठे आहे?

"कुणाबद्दल विचारतेय?" मॅनेजरने मला हळूच विचारलं.

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. परदेशातून आठवडाभर आलेल्या बाईला मावशीच्या लेकीचं नाव तोंडपाठ होतं, आणि रोज हिच्याकडून खोल्या झाडून घेणाऱ्याला मावशीचंही नाव माहीत नव्हतं.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, पाठवा उद्यापासून. विषय संपला."

मी म्हटलं, विषय गेटावर सुरू झाला होता, गेटावरच संपेल. सगळ्यांसमोर. नाहीतर ती ओमानची मुलगी या रिसॉर्टबद्दल तिकडे काय सांगेल याचा तर्जुमा मालकांना मीच करून देईन. धमकी होती, आणि मला तिची लाज वाटत नाही. मालकांचं नाव निघाल्यावर तो उठला.

बाहेर येता येता मी काउंटरवरचं धुपाटणं उचललं, कार्डं तिथेच ओतली. गेटाबाहेर मावशीच्या हातात ते दिलं आणि तिला निरोपाचा अर्थ सांगितला. हराम म्हणजे ती तुला शिवी देत नव्हती. आपण कुणाचं वाईट झालेलं बघून 'आई गं, बिचारं' म्हणतो ना, तसं म्हणाली.

मावशीने विचारलं, "म्हंजे माझी कीव आली तिला?"

"व्हय."

"आन मी तिला काय काय म्हनले मनात." ती धुपाटण्यातली धूळ बोटाने काढत राहिली. "हराम. बिचारी." तिने शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला, नवीन पदार्थ चाखावा तसा.

शिफ्ट सुटायची वेळ होती. स्वयंपाकघरातले, बागेतले, खोल्यांवरच्या बायका, सगळे पिशव्या घेऊन गेटावर रांगेत. मॅनेजर आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "त्या दिवशी जरा मिसअंडरस्टँडिंग झालं होतं. क्लिअर झालेलं आहे."

"कुणाचं झालं होतं?" मी विचारलं. "तिचं नाही. पाहुणीचं नाही. मग कुणाचं?" आणि मग मी थांबले नाही. पाटीपासून सुरुवात केली. ज्याला दारावरचं 'या' धड लिहिता येत नाही त्याने दुसऱ्याला चोर ठरवू नये, इथपर्यंत गेले. त्याचे कान लाल झाले. तो रुमालाने मान पुसत होता आणि दर क्षणाला रस्त्याकडे बघत होता, मालकांची गाडी येते की काय म्हणून.

मावशी स्टुलावरून उठली. "सायेब, इंग्रजी नगं. हिनं चोरी केली न्हाई, येवडंच म्हना."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हना."

त्याने मोठ्याने म्हटलं. रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला अजून बरंच बोलायचं होतं, मी पुढे सरले, तर मावशीने माझं मनगट धरलं. मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या पोराकडे तिने नीट बघितलं, आणि खरोखर कळवळून म्हणाली, "हराम."

वॉचमनने हसू मिशीत दाबलं. मॅनेजरचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काय म्हणाली ती मला? मॅडम, काय म्हणाली?"

त्या वेळी मी तर्जुमा केला नाही.